खरा खर्च करारानंतर सुरू होतो

संपादक महोदय,

लघुउद्योगांपर्यंत नवे तंत्रज्ञान पोहोचावे म्हणून जो सार्वजनिक पैसा खर्च होतो, तो बहुधा दोन ठिकाणी जातो: प्रयोगशाळेतल्या संशोधनाला आणि कारखान्यातल्या यंत्रखरेदीला. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट रोजच्या उत्पादनात बसवण्याचा मधला टप्पा मात्र जवळपास पूर्णपणे उद्योजकाच्या खिशावर पडतो. संशोधन संस्थेकडून उद्योगाकडे होणारे तंत्रज्ञानाचे हस्तांतरण फसते ते इथेच. संस्थेशी करारावर सह्या होतात, शुल्क भरले जाते आणि वर्षभरात कारखाना जुन्या पद्धतीवर परततो. मदतीची रचना या मधल्या टप्प्याभोवती व्हायला हवी.

क्रोम प्लेटिंगचे, म्हणजे वस्तूवर विजेच्या साहाय्याने क्रोमचा थर चढवण्याचेच उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीतले हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेचे) क्रोम कर्करोगाला कारण ठरते, म्हणून युरोपीय संघात क्रोमियम ट्रायऑक्साइड या त्याच्या संयुगाच्या वापराला २१ सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगीची अट लागू झाली. शोभेच्या कामासाठी ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या) क्रोमचा पर्याय आहे आणि तो चांगला आहे. पण जुन्या टाकीत नवे रसायन ओतले की काम झाले, असे होत नाही.

प्रयोगशाळेत हे द्रावण हल सेल नावाच्या छोट्या चाचणीच्या भांड्यात तपासतात. ते भांडे २६७ मिलिलिटरचे. त्यात स्वच्छ पत्रा, शुद्ध पाणी आणि ताजे द्रावण असते. कारखान्यातली टाकी हजार-दोन हजार लिटरची असते आणि तिच्यात रोज शेकडो जॉब, म्हणजे प्लेटिंगसाठी आलेले भाग, उतरतात. पोकळ नळीच्या आत क्रोमखालचा निकेलचा थर नीट चढलेला नसतो, तिथले लोखंड आम्लधर्मी द्रावणात विरघळत राहते. हुकवरून निसटलेले जॉब तळाशी पडून विरघळतात. पितळी किंवा जस्ताच्या जॉबवर थर अपुरा राहिला की तांबे आणि जस्त उतरते. जुने हेक्साव्हॅलंट द्रावण ही घाण बऱ्यापैकी पचवते. ट्रायव्हॅलंट द्रावणात लिटरमागे काही मिलिग्रॅम तांबे किंवा जस्त वाढले तरी काळपट पट्टे उमटू लागतात आणि खोलगट भागात क्रोम बसत नाही. उपाय माहीत आहेत: टाकीला जोडून आयन एक्स्चेंज रेझिनचा (विरघळलेले नको ते धातू शोषून घेणाऱ्या पदार्थाचा) स्तंभ बसवायचा, पाळी संपताना चुंबकाने तळ साफ करायचा, निकेलनंतरचे धुणे एकाऐवजी दोन-तीन टप्प्यांत करायचे, बोरिक आम्ल आणि पीएच (द्रावणाची आम्लता) रोज मोजायचा. जुन्या पद्धतीत पीएचकडे कोणी पाहतही नव्हते, इथे त्याची पट्टी अरुंद असते.

सगळ्यात महाग चूक अ‍ॅनोडची, म्हणजे टाकीतल्या धन विद्युतध्रुवाची. हेक्साव्हॅलंटसाठी शिशाच्या मिश्रधातूचे अ‍ॅनोड चालतात, उलट तेच हवे असतात. तेच अ‍ॅनोड ट्रायव्हॅलंट टाकीत राहिले तर तिथल्या क्रोमचे पुन्हा हेक्साव्हॅलंटमध्ये रूपांतर होते आणि द्रावण नासते. रसायनाच्या प्रकारानुसार ग्रॅफाइटचे किंवा ऑक्साइडचा लेप असलेले टायटॅनियमचे अ‍ॅनोड घ्यावे लागतात. टाकीचे जुने अस्तर आणि जॉब टांगायच्या रॅकवरच्या प्लास्टिकच्या भेगा यांतही जुने क्रोम मुरलेले असते, तेही बदलावे लागते.

आता अनुदान कशाला मिळते ते पाहा. टाकीला एकदिश वीज पुरवणारा नवा रेक्टिफायर घेतला तर मिळते, कारण त्याचे बिल असते, त्यावर क्रमांक असतो आणि तपासनीसाला तो दाखवता येतो. अस्तर, रेझिन, रोजचे विश्लेषण, सुरुवातीला फुकट गेलेले जॉब आणि चाचणीसाठी बंद ठेवलेली टाकी हे ‘चालू खर्च’ ठरतात आणि यादीबाहेर राहतात. वास्तविक रेक्टिफायर अनेकदा जुनाच चालतो. टाकी बंद ठेवण्याचा खर्च मात्र लहान कारखान्याला झेपत नाही, त्या दिवसांत उत्पन्न थांबते आणि पगार थांबत नाहीत.

पुढे ग्राहकाची मंजुरी. नवा थर सॉल्ट स्प्रे चाचणीत, म्हणजे ५ टक्के मिठाच्या द्रावणाच्या ३५ अंशांवरच्या धुक्यात, टिकला पाहिजे. जुन्या आणि नव्या पद्धतीचे जॉब शेजारी ठेवले की रंगातला फरक डोळ्यांना दिसता कामा नये. मोठा ग्राहक नमुन्यांचे अनेक लॉट मागतो आणि मंजुरीला महिने लावतो. तोवर कारखान्याला जुनी आणि नवी अशा दोन्ही ओळी चालवाव्या लागतात. आमच्या मते हाच काळ सर्वांत नाजूक, आणि नेमका याच काळात प्रकल्प ‘पूर्ण’ म्हणून बंद झालेला असतो.

नासाने रूढ केलेल्या तंत्रज्ञानसज्जतेच्या १ ते ९ श्रेणीत बोलायचे तर प्रयोगशाळा ४थ्या पायरीवर (प्रयोगशाळेत चालते) हात झटकते आणि कारखान्याला ७वी पायरी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी चालते) हवी असते. मधल्या पायऱ्यांसाठी साधारण ५०-१०० लिटरची पथदर्शी टाकी हवी. तिच्यात मुद्दाम कारखान्यातलेच पाणी आणि कारखान्यातलेच जॉब घेऊन काही महिने काम चालवायला हवे. अशी टाकी एकेका उद्योगाने उभारण्यात अर्थ नाही, ती औद्योगिक वसाहतीतल्या सामाईक केंद्रात असावी. जपानमध्ये प्रांतोप्रांती सार्वजनिक चाचणी व संशोधन केंद्रे याच धर्तीवर लहान उद्योगांना उपकरणे आणि सल्ला देत आली आहेत.

माणसाचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. कृतिपत्रिकेत सगळे लिहिता येत नाही. द्रावणाचा रंग किंचित बदलला तर आधी काय तपासायचे, हे शेजारी उभे राहून शिकावे लागते. ब्रिटनने १९७५ मध्ये सुरू केलेल्या आणि २००३ पासून नॉलेज ट्रान्स्फर पार्टनरशिप या नावाने चालणाऱ्या योजनेत पदवीधर तरुण कारखान्यातच काम करतो, विद्यापीठाचा अध्यापक त्याला मार्गदर्शन करतो आणि खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते. यंत्राऐवजी माणसावर पैसा खर्च करणारी ही रचना अनुकरणीय आहे. अमेरिकेने १९९२ मध्ये आणलेल्या एसटीटीआर (लहान उद्योगांकडे तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या) योजनेत कामाचा किमान ४० टक्के भाग लहान उद्योगाने आणि किमान ३० टक्के संशोधन संस्थेने करायचा, अशी अटच आहे. संस्थेला कागद देऊन मोकळे होता येत नाही.

पैसे किती द्यावेत यापेक्षा कधी द्यावेत हे जास्त महत्त्वाचे. ‘आधी खर्च करा, मग परतावा मागा’ ही पद्धत भांडवल असलेल्यांनाच परवडते. पहिली रक्कम लहान असावी, पण ती आगाऊ आणि लवकर मिळावी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने लहान उद्योगांना दिलेल्या अनुदानांच्या अभ्यासात पहिल्या टप्प्यातल्या छोट्या अनुदानाने पुढे साहसी भांडवल (नव्या उद्योगातली जोखमीची गुंतवणूक) मिळण्याची शक्यता सुमारे दुप्पट झालेली दिसली, दुसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या रकमेचा तसा परिणाम आढळला नाही. पहिल्या पैशातून नमुना उभा राहतो आणि तो चालतो की नाही हे कळते, हे त्याचे कारण. नेदरलँड्सने २००४ मध्ये लहान उद्योगांना संशोधन संस्थांकडून काम करून घेण्यासाठी छोटी व्हाउचर सोडतीने वाटली. मिळालेले आणि न मिळालेले उद्योग ताडून पाहता आले, आणि १० पैकी ८ व्हाउचरमधून जी कामे संशोधन संस्थांना दिली गेली ती एरवी दिलीच गेली नसती, असे निघाले. सोडत काहींना विचित्र वाटेल, पण योजनेचा उपयोग होतो का हे प्रामाणिकपणे तपासायचा तो चांगला मार्ग आहे.

करारातही दोन-तीन गोष्टी बदलाव्यात. स्वामित्वशुल्क विक्रीवर असावे, आणि किमान शुल्काची अट ग्राहकाची मंजुरी मिळाल्यानंतरच लागू व्हावी. प्रत्येक अशुद्धीची मर्यादा, ती ओलांडल्यावर जॉब कसा दिसतो याचे छायाचित्र आणि उपाय हे संस्थेने लिहून द्यावे. काय तपासलेले नाही, याचीही यादी द्यावी. ही शेवटची यादी कोणी देत नाही, आणि नुकसान बहुतेक वेळा तिच्यातल्याच एखाद्या गोष्टीमुळे होते.

योजनांच्या अहवालात किती करार झाले याची संख्या छापतात. त्याऐवजी करारानंतर दोन वर्षांनी किती ठिकाणी नवी पद्धत चालू आहे आणि बंद पडली तिथे का पडली, हे छापावे. अस्तरातून गळलेले जुने क्रोम असो की उशिरा मिळालेली मंजुरी, ते कारण पुढच्या कारखान्याला काम सुरू करण्याआधीच वाचायला मिळेल.

आपले,
प्लेटिंग व्यवसायातले काही वाचक