काउंटी म्हणजे जिल्हा नव्हे

प्रति,
मा. संपादक,

विषय : बालपुरवणीतील परदेश-ओळखीचे सदर

महोदय,

आपल्या बालपुरवणीत अमेरिकेची ओळख करून देणारा मजकूर अधूनमधून येतो. त्यात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा असतो, नायगारा असतो, उंच इमारती असतात. खेडं नसतं. मागे एकदा ओझरती एक ग्रामीण काउंटी (राज्याच्या आतला कारभाराचा एक विभाग) आली, तर तिचं भाषांतर ‘जिल्हा’ झालं आणि शेरीफचं, म्हणजे तिथल्या निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाचं, ‘जिल्हा पोलीस अधीक्षक’. वाचून मुलांच्या डोळ्यांसमोर सिव्हिल लाइन्समधलं कलेक्टर ऑफिस उभं राहिलं असेल, तर चूक त्यांची नाही.

सूचना अशी की एका अंकात एकच ग्रामीण काउंटी घ्या आणि ती नीट उलगडून दाखवा. नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी त्यासाठी उत्तम. क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याच्या दीडपटीहून थोडं जास्तच. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५,४५५. लाख वगैरे काही राहून गेलेलं नाही, साडेपाच हजारच. त्यातले २,६३३ लोक व्हॅलेंटाइन या मुख्य गावात. उरलेले मेरिमन, कोडी, किलगोर, वुड लेक अशा चिमुकल्या वस्त्यांत आणि एकमेकांपासून मैलोन्‌मैल दूर असलेल्या रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठाल्या कुरणांवर. नागपूर जिल्ह्यात २०११ च्या मोजणीप्रमाणे एका चौरस किलोमीटरला ४७० माणसं. तिथे जवळजवळ तीन चौरस किलोमीटरला एक.

मुलांना आधी गाडीची नंबर प्लेट दाखवा. एमएच ३१ म्हणजे नागपूर शहर, एमएच ४० म्हणजे ग्रामीण, हे इथल्या पाचवीतल्या पोरालाही पाठ असतं. नेब्रास्कात एकूण ९३ काउंट्या आहेत. १९२२ साली ज्या काउंटीत जितक्या जास्त गाड्या, तितका वरचा क्रमांक तिला मिळाला. ओमाहा शहराची डग्लस काउंटी १, चेरी ६६. म्हणजे चेरीतल्या गाडीच्या पाटीची सुरुवातच ६६ ने होते.

आता कारभार. आपला जिल्हाधिकारी राज्य सरकार नेमतं आणि दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. काउंटीत असा अधिकारीच नाही. कमिशनरांचं मंडळ, शेरीफ, सरकारी वकील, क्लार्क, खजिनदार आणि जमिनीची किंमत ठरवणारा असेसर, हे सगळे निवडणूक लढवून येतात आणि चार वर्षांनी पुन्हा लोकांपुढे जातात. आपली जिल्हा परिषद, तहसील, ग्रामीण पोलीस आणि आरटीओ यांचा एकेक तुकडा काढून जोडला, तर काउंटी ऑफिसचा अंदाज येतो. जमिनीचा कर भरायचा तो खजिनदाराकडे आणि गाडीची पाटीही त्याच्याच खिडकीवर मिळते.

हा कर समजला की खेड्याचं अर्थकारण समजतं, म्हणून इथे थोडी जागा द्यावी. शेतजमिनीची किंमत बाजारभावाच्या ७५ टक्के धरतात आणि तिच्यावर कर बसतो. हप्ते दोन : १ मे आणि १ सप्टेंबर. जमा झालेल्या पैशातला सर्वांत मोठा वाटा शाळांना जातो. दुखणं असं की कर जमिनीच्या किमतीवर आहे, त्या वर्षीच्या कमाईवर नाही. वासरांचा भाव पडला तरी जमिनीचा भाव चढलेला असू शकतो, आणि मग खिसा रिकामा असताना बिल मोठं येतं. दुसरीकडे माणसं कमी झाली म्हणून रस्त्याची लांबी कमी होत नाही. शेवटच्या रँचपर्यंत बर्फ हटवावाच लागतो.

खरी मजा जमिनीच्या मोजणीत आहे, आणि ती वहीवर करून बघता येते. चौकटीच्या कागदावर सहा चौकोन आडवे, सहा उभे असा मोठा चौकोन आखायचा. ही एक टाउनशिप. प्रत्येक बाजू सहा मैल. आतल्या ३६ चौकोनांना सेक्शन म्हणतात. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. आकडे घालताना मुलं हमखास चुकतात, कारण सुरुवात डावीकडून नसते. १ हा आकडा वरच्या उजव्या कोपऱ्यात. तिथून डावीकडे ६ पर्यंत जायचं, ६ च्या खाली ७, आणि मग उजवीकडे १२ पर्यंत. बैल नांगरताना तासाच्या टोकाला वळतो तसं वळत वळत शेवटी खालच्या उजव्या कोपऱ्यात ३६ आलं पाहिजे. डावीकडे आलं तर कुठेतरी वळण चुकलं. सेक्शनचे चार भाग केले की १६० एकरांचा एक पाव. त्या पावाचे पुन्हा चार केले की ४० एकर. ‘सेक्शन १६ चा ईशान्य पाव’ एवढं म्हटलं, सोबत टाउनशिपचा क्रमांक दिला, की जागा पक्की. आपल्या सातबाऱ्यावरचा गट नंबर ऐकून ते वावर गावाच्या कोणत्या अंगाला आहे हे तलाठ्याशिवाय कळत नाही. इथे नुसत्या आकड्यावरून बोट ठेवता येतं.

वहीतल्या चौकोनांपैकी १६ आणि ३६ रंगवायला सांगा. नेब्रास्का राज्य होतानाच हे दोन सेक्शन शाळांसाठी राखून ठेवले होते. त्यातली बरीच जमीन आजही राज्याकडे आहे, चराईला भाड्याने जाते आणि ते भाडं शाळांच्या कामी येतं.

एक अडचण हुशार मुलं स्वतःच काढतील : पृथ्वी गोल, मग सपाट चौकोन बसतील कसे? बसत नाहीत. उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ येतात, चौकोन अरुंद होतात. मोजणीदारांनी ही तूट टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत जिरवली आणि ठराविक अंतरावर नवी पायारेषा धरली. अशा रेषेवर सरळ चाललेला रस्ता अचानक एक झोल खाऊन पुढे जातो.

आता तिथे माणसं इतकी कमी का, याचं उत्तर गणिताने देता येतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत. आपल्याकडे १६० एकरवाला म्हणजे मालगुजारच. पण चेरी काउंटीचा बराच भाग सँडहिल्समध्ये मोडतो, म्हणजे गवताखाली दडलेल्या वाळूच्या टेकड्या. पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा हा सर्वांत मोठा पट्टा. नांगर लावला की वाळू उडते. तिथे चालतं ते फक्त चराईवर, आणि एका गाय-वासराच्या जोडीला वर्षभरासाठी साधारण पंधरा-वीस एकर लागतात. १६० एकरांत झाल्या आठ-दहा गायी. त्यावर घर चालत नाही. म्हणून १९०४ मध्ये खासदार मोझेस किंकेड यांच्या कायद्याने नेब्रास्काच्या पश्चिम आणि उत्तर भागात ६४० एकर देणं सुरू झालं. तरी गायी चाळीसच्या आसपासच. पुष्कळांनी काही वर्षांत शेजाऱ्याला विकून गाव सोडलं आणि रँच मोठ्या होत गेल्या. १९०७ मध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांनी इथे डेविटी नावाची वस्ती वसवली होती. तीही याच कारणांनी विरत गेली. ही सगळी जमीन त्याआधी मोकळी पडलेली नव्हती, हे वाक्य मात्र गाळू नका. काउंटीच्या उत्तर सीमेला लागूनच, साउथ डकोटात, लकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या रोजबड आणि पाइन रिज या राखीव वसाहती आहेत, आणि १८८० मध्ये व्हॅलेंटाइनजवळ फोर्ट नायोब्रारा ही लष्करी छावणी उभी राहिली ती रोजबडकडे लक्ष ठेवायलाच.

वाळूखालचं पाणी हा दुसरा भाग, आणि काळ्या मातीत वाढलेल्या पोरांना तो खोटा वाटेल. तिथे पाऊस आपल्या निम्माच, जेमतेम ५०० मिलिमीटर. पण तो वाहून जात नाही. वाळूतून सरळ खाली उतरतो आणि ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्यात जमा होतो. टेकड्यांच्या खोलगटात हे पाणी वर येऊन तळी झाली आहेत. घरी करून बघायला दोन लिटरच्या दोन बाटल्या घ्याव्यात, तळ कापून उलट्या धराव्यात, तोंडाला सुती कापड बांधावं. एकीत चाळलेली वाळू, दुसरीत काळी माती, दोन्हींत सारखीच उंची. वरून २०० मिलिलिटर पाणी हळू ओतावं आणि खाली गळायला लागलेला वेळ लिहावा. इथे एक फसगत होते : वाळलेली काळी माती ढेकळांसकट भरली, तर पाणी भेगांतून झरकन खाली येतं आणि मातीच जिंकल्यासारखी दिसते. म्हणून माती बारीक करून, आदल्या दिवशी भिजवून, दाबून भरावी. मग फरक खरा दिसतो.

हे पाणी ढोरांपर्यंत पोचवते ती पवनचक्की. वीजनिर्मितीची तीन पात्यांची नव्हे. पत्र्याच्या अनेक पात्यांचं, आठेक फूट व्यासाचं चाक आणि मागे शेपटी. शेपटी चाकाला वाऱ्यासमोर ठेवते, चाक फिरलं की दांडा वर-खाली होतो आणि तळाशी नळकांड्यातला दट्ट्या पाणी उचलतो. आपला हातपंपच, हात वाऱ्याचा. बिघडतोही तसाच. दट्ट्याचे चामड्याचे वायसर वाळूने झिजतात, चाक जोरात फिरत राहतं आणि टाक्यात पाणी पडत नाही. मग सगळे दांडे वर ओढून वायसर बदलायचे. हिवाळ्यात टाक्यावर बर्फ धरतं, ते कुऱ्हाडीने फोडावं लागतं. आता बरेच जण सौरपंप बसवतात.

गवताचं कवच फाटलं की काय होतं, तेही दाखवावं. ढोरांची रोजची पायवाट किंवा गाडीची चाकोरी पुरते. तिथे वारा वाळू उपसू लागतो आणि बघता बघता खळगा पडतो. त्याला ब्लोआउट म्हणतात. उपाय म्हणजे कुंपण घालून ढोरं लांब ठेवायची, वर जुना चारा आणि शेण पसरायचं. पूर्वी जुने टायरही टाकत.

कुंपणावरून आठवलं. धुऱ्यावरून आपल्याकडे कोर्टकचेऱ्या होतात. तिथला रिवाज असा की दोन शेजाऱ्यांनी सामाईक कुंपणाच्या मध्यावर समोरासमोर उभं राहायचं. ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग, त्याची दुरुस्ती त्याची.

गायींबद्दल आडवळण नको. २०१७ च्या कृषिगणनेत मांसासाठीच्या गायींच्या संख्येत चेरी काउंटी देशात पहिली होती. वासरं वसंतात होतात, मेच्या सुमारास शेजारीपाजारी जमून त्यांना डागतात, जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापून गोल गठ्ठे बांधतात आणि पाचसहाशे पौंडांचं झालेलं वासरू पुढे लिलावात जातं. हे मुलांना सरळ सांगावं. फोर्ट नायोब्राराच्या अभयारण्यातल्या बायसनचं चित्र टाकणार असाल तर तो पेंच-ताडोबातला गवा नाही, एवढी तळटीप हवीच.

मुलांना भुलवणाऱ्या गोष्टीही आहेत. काउंटीतून दोन कालविभाग जातात : हिवाळ्यात नागपुरात रात्रीचे आठ वाजले की व्हॅलेंटाइनला सकाळचे साडेआठ आणि साठेक मैल पश्चिमेच्या मेरिमनला साडेसात. कोडीत किराणा दुकान शाळेतली मुलं चालवतात, आणि त्या दुकानाच्या भिंती पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या आहेत. खेड्यातल्या विद्यार्थ्याला चौदा वर्षं दोन महिन्यांनंतर शाळेत मोटार चालवत जाण्याचा परवाना मिळू शकतो. (हे छापाल तर खाली आपला नियमही छापा, नाहीतर सोमवारी घरोघरी वाद.) व्हॅलेंटाइन हे नाव एका खासदाराचं, प्रेमदिनाशी त्याचा संबंध नाही, तरी फेब्रुवारीत तिथला टपालशिक्का मिळावा म्हणून लोक लांबून पाकिटं पाठवतात.

शेवटचं छपाईबद्दल. नागपूर जिल्हा आणि चेरी काउंटी यांचे नकाशे शेजारी शेजारी, एकाच प्रमाणात द्यावेत. एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर धरले तर चेरी साधारण १५ बाय १० सेंटिमीटरमध्ये बसते. हजार माणसांना एक ठिपका द्या. चेरीत साडेपाच ठिपके येतील, नागपुरात साडेचार हजारांवर, आणि शहराच्या जागी शाईचा एक काळा डाग होईल. तुमचा आर्टिस्ट तो डाग टाळायला दहा हजाराला एक ठिपका सुचवेल. तसं करू देऊ नका. चेरीच्या वाट्याला मग अर्धाच ठिपका उरतो.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक, नागपूर