दुसरी सीईटी दिलीत, आता पेपरही द्या

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. इंजिनिअरिंग, फार्मसीच्या प्रवेशासाठी राज्य जी एमएचटी-सीईटी घेतं, तिच्या प्रत्येक शिफ्टची प्रश्नपत्रिका अंतिम उत्तरतालिकेसकट ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कायमची ठेवा. लॉगिन नको, फी नको. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी.

मी नागपुरात अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवतो. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबीची (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) सीईटी २०२६ पासून एप्रिल आणि मे अशी दोनदा घ्यायची आणि दोन्हींतला चांगला पर्सेंटाईल धरायचा, हा निर्णय आपल्या खात्याने घेतला तेव्हा आमच्याकडे पालकांनी अक्षरशः सुस्कारा सोडला. ऐन पेपरच्या दिवशी ताप आला म्हणून वर्ष वाया गेलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यामुळे निर्णयाबद्दल मनापासून आभार. पण एप्रिलच्या परीक्षेनंतर मेच्या परीक्षेआधी हातात जे काही आठवडे असतात, त्यांत पोराने अभ्यास नेमका कशाचा करायचा?

हा प्रश्न मला पोरंच विचारतात. आमच्या वऱ्हाडी-नागपुरी पोट्ट्यांची भाषा आपल्याला ठाऊकच आहे. एकाने स्कोअरकार्ड पुढे धरून विचारलं, "सर, मी सत्त्याऐंशीचा आहो, पण माह्यं चुकलं कुठं?" त्या कागदावर भौतिक, रसायन, गणित यांचे पर्सेंटाईल असतात, दशांश चिन्हापुढे सात आकडे असतात, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नसतं. सत्त्याऐंशी पर्सेंटाईल म्हणजे त्या शिफ्टला बसलेल्यांपैकी शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी, एवढंच. शिफ्टा अनेक, काही सोप्या, काही अवघड. म्हणून तुलनेसाठी ही पद्धत ठीक आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. रांग लावायला पर्सेंटाईल उपयोगी पडतो. अभ्यासाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

स्कोअर वाढतो कसा, ते थोडं जवळून सांगतो, कारण मंत्रालयातून ते दिसत नसावं. उमरेडकडून येणारी एक मुलगी माझ्याकडे होती. तिची चुकांची वही होती. प्रत्येक सराव पेपरनंतर चुकलेल्या प्रश्नासमोर एक शब्द लिहायचा: चिन्ह, सूत्र, वेळ, वाचन. महिनाभराने वही चाळली तर "सूत्र" क्वचितच सापडलं, आणि "वेळ"ने पानंच्या पानं भरलेली. तिला येत नव्हतं असं नाही. गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे प्रश्नामागे १०८ सेकंद. भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्न, तेही नव्वद मिनिटांत. तिथे प्रश्नामागे ५४ सेकंद. वर रसायनात वाचवलेली दहा मिनिटं गणितात नेता येत नाहीत, कारण पहिला भाग बंद झाल्यावरच दुसरा उघडतो. ही बाई वर्तुळाच्या एका प्रश्नावर चार मिनिटं घालवायची आणि शेवटचे सात-आठ प्रश्न कोरे सोडायची. निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या परीक्षेत कोरे! गणिताचा एक प्रश्न दोन गुणांचा. कुठला प्रश्न आधी सोडवायचा, कुठला शेवटी, कुठला नुसता टिक करून पुढे जायचं, हे ती शिकली आणि मगच तिचा आकडा हलला.

आता हे शिकायचं कशावरून? खऱ्या पेपरवरूनच. अकरावीचे प्रश्न दहा आणि बारावीचे चाळीस हे प्रत्येक विषयाला ठरलेलं आहे, पण त्या दहांत वर्तुळ किती खोल विचारतात, त्रिकोणमितीचे प्रश्न किती, रसायनात बालभारतीच्या पुस्तकातली ओळ जशीच्या तशी येते की फिरवून, याचा अंदाज अभ्यासक्रमाच्या यादीवरून लागत नाही. बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, जाडजूड संच मिळतात, त्यांतले निम्मे प्रश्न आयआयटी-एनआयटीच्या जेईईच्या थाटाचे. ते सोडवून सोडवून पोरगं अवघड गणितात तरबेज होतं आणि सोप्या पेपरात वेगाअभावी मार खातं.

सध्या पोराला त्याचा पेपर आणि त्याची उत्तरं त्याच्या लॉगिनमध्ये दिसतात, उत्तरतालिकेवर आक्षेप घेण्यापुरती. आक्षेपाला प्रश्नामागे हजार रुपये. जेईई मेनला हेच दोनशे रुपयांत होतं (त्यावर वेगळं पत्र लिहीन). बाकीच्या शिफ्टांमध्ये काय विचारलं हे त्याला कळायचा सरकारी मार्ग नाही. बिनसरकारी मार्ग आहे. शिफ्ट सुटली की केंद्राच्या फाटकावर क्लासवाले उभे असतात, पोरांना प्रश्न आठवायला लावतात, रात्रीतून "मेमरी बेस्ड" संच तयार. तो त्यांच्या विद्यार्थ्यांना मिळतो, बाकीच्यांना झेरॉक्सची झेरॉक्स. पेपर गुप्त राहिला तो फक्त गडचिरोली-गोंदियाच्या पोरापुरता, ज्याला नागपुरात रामदासपेठेतल्या क्लासची फी झेपत नाही.

कोणी आपल्याला सांगेल की पेपर उघडे केले तर प्रश्नसंच संपेल. केंद्राची परीक्षा संस्था एनटीए जेईई मेनच्या साऱ्या शिफ्टांचे पेपर उत्तरांसह संकेतस्थळावर टाकते, तिचा संपला नाही. पेपर लोकांसमोर असले की तपासणीही आपोआप होते. आपल्याच सीईटीच्या २७ एप्रिल २०२५ च्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. चुका कोणी पकडल्या? परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या पोरांनी.

आणखी एक. महाज्योतीचं मुख्यालय आमच्याच गावात, दीक्षाभूमी रोडवर आहे. ही संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पोरांना सीईटी, जेईई, नीटच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट डेटा देते. उत्तम काम आहे. पण राज्यानेच दिलेल्या टॅबमध्ये राज्यानेच काढलेले सगळे पेपर नसावेत, याला काय म्हणायचं? एका खात्याचा टॅब आणि दुसऱ्या खात्याचा पेपर यांची गाठ घालून देणं आपल्या हातात आहे. पैसा जवळपास लागत नाही, सही लागते.

२०१८ साली शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. कॉलेजात नुसतं नाव आणि शिकणं क्लासमध्ये, अशी क्लास आणि कॉलेज यांची टायअपची दुकानं बंद व्हावीत म्हणून. काय झालं ते आपण जाणताच. अंगठा लावून कोणी वर्गात बसत नाही. क्लासवाल्यांकडे जे आहे ते वर्गातल्या मास्तराकडेही फुकट आलं, तर पोराला वर्गात यायला निदान एक कारण मिळेल. मला अमुक शिफ्टचा अमुक प्रश्न फळ्यावर लिहून "हा खरोखर आला होता" असं म्हणता आलं पाहिजे.

जाता जाता मेच्या परीक्षेबद्दल. नागपूरचा मे आपल्याला सांगायला नको, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. दुपारी दोनच्या शिफ्टसाठी पोरगं बारा-साडेबारालाच केंद्रावर पोचतं. केंद्र शहराबाहेर वानाडोंगरीकडे असलं तर मेट्रो लोकमान्य नगरला संपते, पुढे ऑटो. बाहेर थांबलेल्या आईबापांना झाड मिळालं तर नशीब. मेची परीक्षा विदर्भात शक्य तितकी सकाळच्याच शिफ्टमध्ये घ्यावी आणि केंद्र निवडताना मंडप-पाण्याची अट घालावी. हे जमलं तर बरं, नाही जमलं तर पोरं निभावून नेतील, सवय आहे.

पेपरांचं मात्र निभावत नाही. आधीच्या वर्षांचे पेपर जानेवारीपर्यंत संकेतस्थळावर आले तर एप्रिलआधी तीन महिने सराव होतो. आणि एप्रिलचे पेपर शेवटची शिफ्ट संपल्यावर आठवड्याभरात आले, तर मेच्या संधीला अर्थ राहतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात असालच. निर्णय तेव्हा सभागृहात जाहीर केलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेपर मी वर्गात सोडवायला घेतो.

आपला,
गणिताचा एक मास्तर
नंदनवन, नागपूर