नायसिन : जीवनसत्त्वाच्या बाटलीतले औषध

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बार्शीत गेली सत्तावीस वर्षे मी औषधांचे दुकान चालवतो. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी नायसिन, म्हणजेच ब-३ जीवनसत्त्व, स्वतःच्या मनाने घेणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या अलीकडे माझ्याकडे वाढली आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना आपण औषध घेत आहोत याची कल्पनाच नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक निवृत्त शिक्षक सुनेला सोबत घेऊन दुकानात आले. मुलाने परदेशातून पाठवलेली एक बाटली त्यांच्या हातात होती. आदल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, गरम चहाबरोबर, त्यांनी त्यातल्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. अर्ध्या तासात चेहरा, कान, मान आणि छाती लालबुंद झाली, अंगाची आग होऊ लागली, खाज सुटली आणि छातीत धडधड सुरू झाली. हृदयविकाराचा झटका समजून घरच्यांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तिथे काढलेली हृदयाची पट्टी व्यवस्थित निघाली आणि दुपारपर्यंत लाली आपोआप ओसरली. गुरुजींचा मला प्रश्न एवढाच होता, "अहो, हे जीवनसत्त्वच आहे ना? मग असे कसे झाले?"

मी लेबल वाचले. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम नायसिन होते. प्रौढ पुरुषाची रोजची गरज पंधरा-सोळा मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे गुरुजींनी त्या गरजेच्या साठ पटींहून अधिक मात्रा एका घोटात घेतली होती. मोठ्या मात्रेतील नायसिनमुळे त्वचेतील पेशी प्रोस्टाग्लँडिन डी-२ हे द्रव्य सोडतात, त्याने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि अंग भाजल्यासारखे होते. ही अ‍ॅलर्जी नव्हे. उपाशीपोटी, गरम पेयासोबत किंवा मद्यासोबत गोळी घेतली की त्रास वाढतो. जेवणानंतर घेतली, मात्रा आठवड्या-आठवड्याने हळूहळू वाढवली, तर बहुतेकांचे शरीर त्याला सरावते. गोळीच्या अर्धा तास आधी अ‍ॅस्पिरिन देण्याचा उपायही डॉक्टर सुचवतात, पण पोटात व्रण असलेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या माणसाने तो घरच्या घरी करून पाहू नये.

लाली दिसते, म्हणून माणूस घाबरतो आणि विचारायला येतो. माझी खरी काळजी न दिसणाऱ्या परिणामांची आहे. कोलेस्टेरॉलसाठी नायसिनची मात्रा दिवसाला १,००० ते २,००० मिलिग्रॅम, कधी त्याहूनही अधिक असते आणि एवढ्या मात्रेत ते यकृताला इजा करू शकते, रक्तातील साखर वाढवू शकते, यूरिक आम्ल वाढवून संधिवाताचे जुने दुखणे उकरून काढू शकते. लाली टाळण्यासाठी हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या निघाल्या, परंतु त्यांतील काही प्रकार यकृताला साध्या गोळीपेक्षा अधिक बाधक ठरले आहेत. साधी गोळी चालू असताना कोणी तेवढ्याच मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी बदलून घेतली, तर ती अदलाबदल धोक्याची ठरू शकते. म्हणून आधी यकृत, साखर आणि यूरिक आम्ल यांची तपासणी आणि नंतरही ठरावीक काळाने फेरतपासणी ही या औषधाची अटच आहे. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या औषधासोबत ते चालू असेल आणि स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आणखी एक घोटाळा नावाचा आहे. ब-३ या एकाच नावाखाली निकोटिनिक आम्ल आणि निकोटिनामाइड अशी दोन द्रव्ये विकली जातात. व्हिटॅमिनची उणीव दोन्हींनी भरून निघते. निकोटिनामाइडने अंग लाल होत नाही, पण त्याने कोलेस्टेरॉलही उतरत नाही. 'लाली न आणणारे नायसिन' म्हणून मिळणारी इनॉसिटॉल हेक्सानिकोटिनेटची गोळीही कोलेस्टेरॉलवर फारशी चालत नाही. अशी बाटली महिनोन्‌महिने घेऊन डॉक्टरांनी दिलेले स्टॅटिन बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत.

नायसिन कोलेस्टेरॉल उतरवते, हे खोटे नाही. १९५५ साली रुडॉल्फ आल्टशुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवले आणि त्यानंतर अनेक दशके ते रीतसर वापरले गेले. ते वाईट कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड कमी करते, चांगले कोलेस्टेरॉल वाढवते. परंतु रिपोर्टमधला आकडा सुधारणे आणि झटका टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांना जोडीला नायसिन देऊन पाहणारी एआयएम-हाय ही चाचणी लाभ दिसत नसल्याने २०११ मध्ये मुदतीआधीच थांबवली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचपीएस-२ थ्राइव्ह या चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांच्यातही हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले नाहीत, उलट मधुमेह, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव यांचे प्रमाण वाढले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये स्टॅटिन आणि नायसिन एकत्र असलेल्या गोळ्यांची मान्यता काढून घेतली. एवढे झाल्यावरही 'नैसर्गिक उपाय' म्हणून तेच द्रव्य सल्ल्याविना घरोघरी पोहोचते, याचे मला मनापासून वाईट वाटते. काही निवडक रुग्णांना हृदयरोगतज्ज्ञ आजही ते देत असतील. अशांनी हे पत्र वाचून आपली गोळी परस्पर बंद करू नये, फक्त तपासण्या कधी करायच्या हे विचारून घ्यावे.

नायसिनची खरी उणीव मात्र आपल्याकडे ओळखली जात नाही, आणि त्याची खंत मला जास्त आहे. तिचे नाव पेलाग्रा. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची कातडी काळवंडते, भेगाळते, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा उमटतो, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धीवरही परिणाम होतो. मक्यावर जगणाऱ्या देशांतला हा रोग दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही होता. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केले आणि ज्वारीतील ल्युसिन या प्रथिनांच्या घटकाकडे बोट दाखवले. तो सिद्धांत पुढे वादात राहिला. आमच्या सोलापूर जिल्ह्यात भाकरी सोडण्याचे काहीच कारण नाही. ताटात डाळ, शेंगदाण्याची चटणी आणि जमल्यास अंडे-मासे असले की नायसिन मिळते. मूठभर शेंगदाण्यांतूनच साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास मिळून जाते. आज ही उणीव दिसते ती दारूच्या आहारी गेलेल्यांत, दीर्घ आजारात आणि क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणाऱ्या कुपोषित रुग्णांत.

दोन वर्षांपूर्वी एक शेतमजूर मलम मागायला तिसऱ्यांदा दुकानात आला. गजकर्ण समजून तो दोन्ही हातांवर मलम चोळत होता. मी बाह्या वर करायला सांगितल्या. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्हीकडे सारखाच काळा, सोललेला पट्टा होता आणि बाहीची रेघ जिथे संपत होती तिथे तोही संपत होता. जीभ लालभडक होती, तिखट लागले तरी डोळ्यांत पाणी येत होते. मलम न देता मी त्याला डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी निकोटिनामाइड सुरू केले, १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, आणि सोबत इतर ब जीवनसत्त्वे. आठ-दहा दिवसांत जुलाब थांबले आणि तो चटणी-भाकरी खाऊ लागला. कातडी उजळायला महिन्याहून अधिक काळ लागला.

आपल्या आरोग्य पुरवणीत जीवनसत्त्वांवर लेख येतात. त्यांत नायसिनचा उल्लेख आला, तर रोजच्या गरजेची मात्रा आणि कोलेस्टेरॉलसाठीची मात्रा वेगवेगळी छापावी, ही विनंती. ज्यांच्या घरी अशी बाटली आली आहे त्यांनी एका गोळीत किती मिलिग्रॅम आहे, निकोटिनिक आम्ल आहे की निकोटिनामाइड आणि गोळी हळूहळू विरघळणारी आहे का, एवढे लेबलवर पाहावे आणि पहिली गोळी घेण्याआधी ती बाटली डॉक्टरांना दाखवावी. मधुमेह, संधिवात, पोटातील व्रण किंवा कावीळ होऊन गेलेली असेल, तर तेही त्यांना सांगावे.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता, बार्शी (जि. सोलापूर)