आलेख सुबक आला, प्रयोगाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोधनिक मानसशास्त्राची (लक्ष, स्मृती, विचार यांच्या अभ्यासाची) प्रात्यक्षिके सॉफ्टवेअरवर घेण्याविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. हा विषय वृत्तपत्राच्या पानावर आणल्याबद्दल लेखकांचे आभारच मानायला हवेत. परंतु ‘कळ दाबताच निष्कर्ष हाती’ या ज्या गुणाचा त्यांनी पुन्हा पुन्हा गौरव केला आहे, तोच मला या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा दोष वाटतो. मी हा विषय शिकवते आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थ्यांच्या मागे उभी राहून पडद्याकडे पाहते, एवढाच माझा अधिकार.

आमच्याकडच्या अशाच एका सॉफ्टवेअरवर एका विद्यार्थिनीने स्ट्रूपचा प्रयोग घेतला. यात रंगांची नावे कधी त्याच, तर कधी वेगळ्याच रंगाच्या शाईत दाखवतात आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. प्रयुक्त म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो म्हणून, तिचा वर्गमित्र बसला होता. प्रयोग संपताक्षणी पडद्यावर दोन स्तंभ उभे राहिले. शब्द आणि शाई जुळतात तेथे प्रतिक्रियाकाल कमी, जुळत नाहीत तेथे जास्त, अगदी पाठ्यपुस्तकात असतो तसा आलेख. बाकीच्यांनी आपापल्या आलेखाची प्रत जर्नलात चिकटवली आणि मोकळे झाले. हिला मात्र मित्र मधूनमधून अडखळत होता हे खटकले होते, म्हणून तिने खटपट करून प्रत्येक प्रयत्नाची नोंद असलेली फाइल शोधून काढली. त्यात त्याची कितीतरी उत्तरे चुकलेली निघाली, आणि जवळपास सगळ्या चुका लाल-हिरव्याच्या अदलाबदलीच्या होत्या. निळ्या-पिवळ्यात तो क्वचितच चुकला होता. सॉफ्टवेअर चुकीची उत्तरे गुपचूप वगळून उरलेल्यांची सरासरी काढत होते. मुलाला त्या दोन छटांमधला भेद नीट कळत नाही, हे आलेखाने बेमालूम झाकले होते. (पुरुषांमध्ये ही उणीव काही फारशी दुर्मीळ नाही, तरी प्रयोगापूर्वी रंगांधत्व तपासणारी इशिहारा चाचणी घ्यावी, एवढी साधी सूचनाही त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.)

तिने हे सारे जर्नलातील चर्चेच्या भागात व्यवस्थित लिहिले. बहिःस्थ परीक्षकांनी त्या परिच्छेदावर तांबडी रेघ ओढली, ‘विषयास सोडून’ असा शेरा मारला आणि तोंडी परीक्षेत, ‘संगणकाने काढलेला निष्कर्ष तुम्हाला मान्य नाही का?’ असा प्रश्न केला. वर्गात त्या दिवशी खऱ्या अर्थाने प्रयोग कोणी केला असेल तर तो तिनेच. गुणांच्या यादीत मात्र ती आलेख चिकटवणाऱ्यांच्या खाली आहे. लेखकांनी ‘निःपक्षपाती मूल्यमापन’ म्हणून ज्याचे कौतुक केले आहे, ते बहुधा हेच असावे.

राहिली लेखात मिरवलेल्या ‘हजारांश सेकंदाच्या अचूकतेची’ गोष्ट. जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले ते छापील तक्त्यांच्या बळावर. शंभर रंगीत चौकोनांच्या रंगांची नावे सांगायला त्यांच्या विद्यार्थ्यांना सरासरी 63.3 सेकंद लागले आणि तेवढ्याच विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला 110.3 सेकंद. हा फरक साध्या घड्याळातही मावतो. उलट सर्वसाधारण संगणकाचा पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगतो, म्हणजे एका चित्रचौकटीलाच सुमारे 16.7 मिलिसेकंद जातात, आणि कळफलकाचा विलंब त्यात वेगळा. हा विलंब दोन्ही स्थितींना सारखाच लागू होत असल्याने तुलना बहुतांशी शाबूत राहते हे खरे. पण ती शाबूत का राहते, हे विद्यार्थ्याला कळणे म्हणजेच तर प्रात्यक्षिक. लेखात त्याचा मागमूस नाही.

मी सॉफ्टवेअरच्या विरोधात मुळीच नाही. सायकोपाय किंवा ओपनसेसमी ही मोफत मिळणारी साधने प्रयोग विद्यार्थ्यालाच बांधायला लावतात: उद्दीपक (दाखवायचा शब्द वा चित्र) किती वेळ दिसावा, क्रम यादृच्छिक कसा करावा, कोणती उत्तरे वगळावीत आणि का, हे त्याला स्वतः ठरवावे लागते, आणि शेवटी प्रत्येक प्रयत्नाची एकेक ओळ त्याच्यापुढे येते. आरंभी प्रयोग चालतच नाही, वैताग येतो, तास संपतो. लेखकांनी या साधनांना ‘किचकट’ ठरवून एका वाक्यात निकालात काढले आहे.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या चौकटीत स्ट्रूप प्रयोगाचा नमुना छापून ‘प्रत्येक शब्दाच्या शाईचा रंग मोठ्याने म्हणा’ अशी सूचना दिली आहे, आणि ते पान कृष्णधवल आहे. मी निमूटपणे प्रत्येक शब्दाला ‘काळा’ म्हणाले. माझा प्रतिक्रियाकाल उत्तम आला असणार. रंगीत पान परवडत नसेल तर पुढच्या वेळी 222, 33, 4 असे अंकसमूह छापावेत आणि प्रत्येक समूहात अंक किती आहेत ते विचारावे. अंक आणि त्यांची संख्या जुळत नसल्याने तसाच अडथळा काळ्या शाईतही अनुभवता येतो आणि त्याला सॉफ्टवेअरही लागत नाही.

आपली,
मानसशास्त्राची एक अध्यापिका