ऑस्ट्रेलियातल्या नॅराब्रायहून पत्र: बाँडचे पैसे कुठे आहेत

ती. नाना आणि ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. कामाचं तुम्हाला ठाऊकच आहे. कपाशीची वेचणी संपली, आता सरकी काढायचं जिनिंग जोरात आहे. तिकडे कपाशी वर आली असेल, पाऊस कसा आहे ते कळवा.

नाना, "घरात पाय ठेवायच्या आधी 2,400 डॉलर कोणाच्या घशात घातलेस?" असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी चिडले. तसं बोलायला नको होतं. भाडं आठवड्याला 400. त्यातले 800 म्हणजे दोन आठवड्यांचं आगाऊ भाडं. उरलेले 1,600 म्हणजे डिपॉझिट, इथे त्याला बाँड म्हणतात. चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त बाँड घेता येत नाही, आणि तो मालकाकडे राहत नाही, इथल्या न्यू साउथ वेल्स राज्य सरकारकडे जमा होतो. घर सोडताना वाद झालाच तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. दादाचं डिपॉझिट जळगावच्या मालकाने रंगकामात संपवलं, तसं इथे परस्पर करता येत नाही.

माझा हिशोब चुकला तो दुसरीकडे. मी महिन्याचं भाडं 1,600 धरलं होतं. वर्षाचे 52 आठवडे धरले की महिन्याला 1,733 पडतात. म्हणून यावेळी खतासाठी कमी पाठवले.

आई, "परका माणूस घरात शिरून फोटो काढतो" याची तू धास्ती घेतलीस. ती तपासणी असते. वर्षातून जास्तीत जास्त चार वेळा, आणि सात दिवस आधी लेखी कळवावं लागतं. मालकाचा एजंट ओव्हन, सिंकखालची ओल, न्हाणीघरातली बुरशी आणि अंगणातलं गवत बघतो. माझ्या कपाटाशी त्याला काही देणंघेणं नाही. खरी काळजी घ्यायची ती राहायला येतानाच. घराची अवस्था नोंदवायचा कंडिशन रिपोर्ट मिळतो, तो सात दिवसांत भरून परत द्यायचा. गालिच्यावरचा जुना डाग, फाटलेली जाळी, ओव्हनचा उडालेला मुलामा, सगळं लिहायचं आणि तारखेसह फोटो ठेवायचे. जे लिहायचं राहिलं ते सोडताना आपल्या माथी येतं. मी चार पानं भरून दिली.

आपल्या फोडणीचं तेल चुलीवरच्या पंख्याच्या जाळीत बसतं. दर पंधरा दिवसांनी जाळी काढून गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवते. धुण्याचा सोडा घालत नाही, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं. शेवभाजी केली की ओट्यावर आधी कागद पसरते. हळद सांडलेलं कापड उन्हात टाकलं की डाग उडतो, ओटा कुठे उन्हात नेणार? गॅसचे 45 किलोचे दोन सिलिंडर घराबाहेर भिंतीला लावलेले आहेत. एक संपला की दुसऱ्याचा कॉक उघडायचा आणि त्याच दिवशी नवा मागवायचा. आणि सापाचं म्हणशील, तर इथे आता थंडी आहे, थंडीत ते फारसे बाहेर पडत नाहीत. तरी गवत मी वाढू देत नाही, ते कापणं भाडेकरूचंच काम आहे.

चाळीसगावच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. ऑक्टोबरात इथे कपाशीची पेरणी, ती आटोपली की नोव्हेंबरात सुट्टी मागते. पण तारीख मला विचारल्याशिवाय धरू नका. घराचा करार 12 महिन्यांचा आहे. पहिल्या तीन महिन्यांत घर सोडलं तर चार आठवड्यांचं भाडं भरावं लागतं, पुढच्या तीन महिन्यांत तीन आठवड्यांचं, मग दोन, शेवटी एक. ते पैसे लग्नाला लागतील. खताचे राहिलेले 15 तारखेला पाठवते. नाना, तोवर दुकानदाराकडे उधारी करू नका, दादाकडून घ्या, त्याच्याशी मी बोलले आहे.

कानबाईच्या सणाला यंदाही मी नसेन. सोमवारी विसर्जनाला निघताना व्हिडिओ कॉल लावा. तिकडे सकाळचे आठ म्हणजे इथे दुपारचे साडेबारा, तेव्हा जेवणाची सुट्टी असते. आई, रोट जरा जास्तच कर. आणि गुडघ्याचं औषध संपलं असेल तर लपवू नकोस.

तुमची,
माई