नाणेफेक २००३ ची आणि २०२३ ची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संघ हरला की क्रीडापानावर 'घोडचूक' आणि जिंकला की 'मास्टरस्ट्रोक' हे मथळे ठरलेले असतात. त्यातून निर्णयाबद्दल काहीच कळत नाही, धावफलकच पुन्हा वाचायला मिळतो.

२३ मार्च २००३ ला जोहान्सबर्गमध्ये क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताचा कर्णधार सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ केल्या आणि भारत १२५ धावांनी हरला. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्यात अहमदाबादेत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्सनेही नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षणच घेतले. भारत २४० धावांत आटोपला आणि ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून जिंकला. पहिल्या निर्णयाला अजून बोल लावला जातो, दुसरा दूरदृष्टीचा ठरला. पण एकाचा भरवसा सुरुवातीला वेगवान गोलंदाजांना साथ देणाऱ्या खेळपट्टीतल्या ओलाव्यावर होता, दुसऱ्याचा नंतरची फलंदाजी सोपी करणाऱ्या संध्याकाळच्या दवावर. विचारायचे ते हे, की ओलावा किती षटके टिकेल याचा अंदाज कशावरून बांधला होता? त्या मैदानावर दव किती वाजता पडते हे आधीच्या सामन्यांत कोणी पाहिले होते का? २००३ मध्ये झहीर खानच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. दिशा हरवलेली गोलंदाजी हा अंमलबजावणीचा दोष, निर्णयाचा नव्हे. निर्णय, अंमलबजावणी आणि नशीब यांचे खाते वेगवेगळे मांडायला हवे.

नशिबाचा वाटा किती मोठा असतो ते साध्या गणिताने दिसते. समजा निवड समितीचा प्रत्येक निर्णय बरोबर ठरण्याची शक्यता ६० टक्के आहे. तरीही पाच निर्णयांपैकी तीन किंवा जास्त चुकण्याची शक्यता जवळपास ३२ टक्के उरते. एवढ्यावर समिती बदलली तर तीनातल्या एका वेळी चांगली समिती घरी जाते.

उलटा प्रकार जास्त घातक आहे. फिजिओ 'नको' म्हणत असताना वेगवान गोलंदाजाला उतरवले, त्याने चार बळी घेतले, संघ जिंकला. पुढच्या वेळी फिजिओचे कोण ऐकणार? पाठीच्या हाडाचा स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडणारी बारीक भेग) त्या सामन्यात दिसत नाही, काही आठवड्यांनी दिसतो, आणि तेव्हा या दोन गोष्टींची सांगड कोणी घालत नाही.

उपाय एका कागदाचा आहे. निर्णय जाहीर होण्याआधी लिहायचे: किमान दोन पर्याय, नाकारलेला का नाकारला, हाताशी कोणती माहिती होती (गोलंदाजाने मागच्या चार आठवड्यांत टाकलेले चेंडूसुद्धा), विरोध कोणाचा होता, आणि यशाची शक्यता टक्क्यांत. टक्केच लागतात, कारण 'चांगली शक्यता' हे शब्द नंतर कुठल्याही निकालाला चिकटवता येतात. खाली तारीख, वेळ, सही. असे तीस-चाळीस कागद साठले की ज्यांवर ७० टक्के लिहिले होते ते वेगळे काढायचे. त्यांतले दहापैकी सातच्या आसपास खरे ठरले तर अंदाज जाग्यावर आहे. चारच ठरले तर समितीला फाजील आत्मविश्वास आहे. सामन्यानंतर लिहिलेला कागद मात्र फाडून टाकावा. निकाल कळल्यावर माणसाला आपले जुने मत वेगळेच आठवते.

फुटबॉलमध्ये हे करून दाखवले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रेंटफर्ड या इंग्लिश क्लबची सूत्रे घेतल्यावर प्रशिक्षक थॉमस फ्रँक पहिल्या दहापैकी आठ सामने हरले. क्लबने त्यांना काढले नाही, कारण तिथे संघ मोजतात तो गोलसंधींच्या दर्जावर. फटका किती अंतरावरून, कोणत्या कोनातून मारला हे पाहून तशा फटक्यांचे पूर्वी किती गोल झाले तेवढे गुण द्यायचे. पेनल्टीला साधारण पाऊण गोल. २०२१ मध्ये क्लब ७४ वर्षांनी अव्वल साखळीत पोहोचला. तो पोहोचला म्हणून निर्णय योग्य होता असे म्हटले तर मीही निकालावरूनच न्याय केला असे होईल. योग्य होते ते हे, की मोजायची पट्टी हरण्याआधी ठरलेली होती आणि हरल्यावर ती बदलली नाही.

'आमची प्रक्रिया बरोबर होती' ही सबब सांगणारे व्यवस्थापकही असतात. त्यांच्याकडे तो तारखेचा कागद मागावा. आपल्या वार्ताहरांनी पुढच्या पत्रकार परिषदेत 'चुकलं कुठे?' ऐवजी 'दुसरा पर्याय कोणता होता आणि तो का सोडला?' हे विचारावे, आणि मोठ्या सामन्याच्या सकाळी नाणेफेक जिंकल्यास काय घ्यावे याबद्दल आपल्या समीक्षकांचे मत टक्क्यांसह छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक