दुसऱ्या पायरीवरच्या संघाला सामने द्या: केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

जून २०२५ मध्ये आपला महिला हॉकी संघ प्रो लीगमधून, म्हणजे जगातल्या अव्वल नऊ संघांच्या वार्षिक स्पर्धेतून, बाहेर पडला. १६ सामने, १० गुण आणि नऊ संघांत शेवटचा नंबर. युरोपच्या दौऱ्यात लंडन, अँटवर्प आणि बर्लिनला मिळून आठ सामने झाले, आठही गेले. त्यातले काही तर एकाच गोलने. दोन दिवस हळहळ झाली, मग सगळे आपापल्या कामाला लागले. प्रो लीगमध्ये परतायचं तर आता नेशन्स कप खेळून वर यावं लागेल. जागतिक हॉकीतली ही दुसरी पायरी. ‘दुय्यम स्पर्धा आहे, जमवू’ अशा समजुतीत तिची तयारी शेवटच्या महिन्यावर ढकलली जाईल, ही धास्ती वाटते म्हणून हे पत्र.

संघात दम नाही असं म्हणायला मी तयार नाही. त्याच मोसमात, फेब्रुवारीत, याच मुलींनी भुवनेश्वरला ऑलिंपिक विजेत्या नेदरलँड्सला बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये हरवलं होतं. सप्टेंबरमध्ये हांगझोला आशिया कपच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या, तिथे चीनकडून १-४ अशी हार झाली. म्हणजे एका दिवशी जगातल्या पहिल्या संघाला रोखणारा हा संघ सलग आठ सामने हरूही शकतो. हे सातत्य शिबिरात घोटून येत नाही. तगड्या संघांशी वारंवार खेळूनच येतं.

आणि नेमकं तेच आता कमी होणार आहे. प्रो लीगमध्ये वर्षाला १६ सामने हक्काचे होते, तेही अर्जेंटिना, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया यांच्याशी. नेशन्स कपमध्ये आठ संघ, दोन गट. गटात तीन सामने, मग उपांत्य आणि अंतिम. खेळून खेळून पाच. एका आठवड्यात सगळा निकाल, आणि एखादा दिवस वाईट गेला की वर्ष गेलं.

डिसेंबर २०२२ मध्ये व्हॅलेन्सियाला पहिलाच नेशन्स कप झाला, तो आपण जिंकलो होतो. कागदावर पाचपैकी पाच विजय दिसतात. पण उपांत्य सामन्यात आयर्लंडशी १-१ बरोबरी होती आणि शूटआउटमध्ये आपण २-१ असे कसेबसे सुटलो. अंतिम सामना यजमान स्पेनशी. सहाव्या मिनिटाला गुरजित कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि उरलेली चोपन्न मिनिटं ती आघाडी राखायची होती. कर्णधार सविता गोलमध्ये उभी, समोर घरच्या प्रेक्षकांपुढे खेळणारा स्पेन. त्या १-० मुळेच आपल्याला प्रो लीगचं दार उघडलं. दुसऱ्या पायरीवरचे सामने असे असतात, महोदय. सोपं त्यात काही नसतं.

म्हणून पहिली मागणी अशी. हॉकी इंडियाचा वार्षिक प्रशिक्षण आणि स्पर्धा कार्यक्रम आपल्या खात्याच्या मंजुरीला येतो. त्यात प्रो लीग गेल्यामुळे बुडालेले सामने भरून काढा. पहिल्या आठ-नऊ संघांपैकी तीन-चार संघांशी दुहेरी मालिका ठरवा, निम्म्या त्यांच्याकडे, निम्म्या आपल्याकडे. या संघांचं वर्षाचं वेळापत्रक आधीच भरत जातं. आपली फाइल तीन टेबलं फिरून येईपर्यंत त्यांच्याकडे तारीख उरत नाही. मंजुरी लवकर मिळाली, तर अर्धं काम तिथेच झालं.

पैशाची अडचण सांगू नये, ही विनंती. न्यूझीलंडच्या महिलांनी २०२५ चा नेशन्स कप आपल्या घरी, ऑकलंडला जिंकला, आणि तरीही त्यांचा देश प्रो लीगमध्ये उतरला नाही. ती जागा आयर्लंडला मिळाली. मैदानावर कमावलेली बढती अशी हातची सोडण्याची वेळ आपल्यावर नाही. ओडिशा सरकार २०१८ पासून राष्ट्रीय संघांच्या पाठीशी आहे. उलट खाली आणखी एक पायरी तयार झाली आहे, नेशन्स कप २ नावाची. तिथे घसरलो तर वर यायला किती वर्षं जातील, याचा हिशेब न केलेलाच बरा.

दुसरी मागणी दूरदर्शनची. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं, असा २००७ चा कायदा आहे. यादी माहिती व प्रसारण मंत्रालय काढतं, हे मला ठाऊक आहे. पण क्रीडामंत्र्यांनी पत्र लिहिलं की त्याला वजन असतं. नेशन्स कपमधले भारताचे सामने त्या यादीत यावेत. मी शाळेत हॉकी शिकवते. फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ भारतीय संघापर्यंत पोचल्या, हे माझ्या मुलींना तोंडपाठ आहे. त्यांचा खेळ मात्र त्यांनी पाहिलाय तो मोबाइलवरच्या दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत. बचावफळी चेंडू नसताना कुठे सरकते, मिडफिल्डर पास घेण्याआधी मान वळवून काय बघते, हे त्या तुकड्यांत नसतं. तिथे फक्त गोल असतात.

आमचं मैदान मुरमाचं आहे. पेनल्टी कॉर्नरला रेषेवरून ढकललेला चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी पोचेपर्यंत दोनदा उसळतो, थांबवणारी स्टिक आडवी घालते तोवर तो नडगीवर आलेला असतो. ड्रॅगफ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलवर भिरकावणं, तिथे शिकवता येत नाही, फक्त करून दाखवता येते. याच मुली निवड चाचणीला टर्फवर, कृत्रिम गवताच्या मैदानावर, गेल्या की सरळ, वेगात आलेला चेंडू त्यांच्या स्टिकखालून निघून जातो आणि निवड समिती वहीत फुली मारते. पण टर्फचा विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळं पत्र लिहीन. तूर्त राष्ट्रीय संघाचं बघा.

पुढच्या नेशन्स कपआधी संघाला कोणाकोणाशी, कुठे आणि किती सामने मिळणार आहेत, ते आपल्या खात्याने जाहीर करावं. उत्तर या पत्राला नाही आलं तरी चालेल, वेळापत्रक आलं म्हणजे झालं.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका